आजचा गडी, उद्याची चिठ्ठी

अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरी आमचा भाचा नोकरीनिमित्त राहतो. रविवारी सकाळी, म्हणजे त्याच्या शनिवारच्या रात्री, त्याचा फोन येतो. बहुधा पावसाची चौकशी होते, आईच्या गुडघ्यांची होते, आणि बोलणे संपते. गेल्या श्रावणात मात्र त्याने एकाएकी विचारले, "मामा, माझ्याजवळ तीन म्हातारे आहेत. तिघेही महाग. त्यांच्या बदल्यात एकजण पुढच्या दोन वर्षांचे पहिले हक्क देतो म्हणतो. देऊन टाकू का?"

आम्ही क्षणभर अवाक् झालो. परदेशात जाऊन पोरगा कसला व्यापार करू लागला, असे कोणाच्याही मनात आले असते. मग उलगडा झाला. कार्यालयातील बारा सहकाऱ्यांनी मिळून फुटबॉलचे बारा काल्पनिक संघ काढले आहेत. खेळाडूंची नावे खरी, त्यांचे मैदानावरील पराक्रमही खरे; संघ तेवढे कागदावरचे. वर्षानुवर्षे हा खेळ चालतो, खेळाडू एकमेकांना देता-घेता येतात, आणि पुढील वर्षी नव्याने येणाऱ्या पोरांमधून प्रथम निवड करण्याचा हक्कही देता-घेता येतो. भाच्याच्या संघातील तिघे नामांकित खेळाडू तिशी ओलांडलेले होते. यंदा त्यांच्या बळावर अजिंक्यपद मिळेलही. पण पुढच्या वर्षी काय, ही त्याची चिंता. आम्ही आयुष्यभर शाळेत गणित शिकवले आणि निवृत्तीनंतर आष्टीच्या आमच्या क्रीडा मंडळाचा खजिना सांभाळतो, एवढ्याच भांडवलावर त्याने आमचा सल्ला मागितला होता.

तिकडे ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे, हे वाचकांना ठाऊक असेलच. चेंडू लांबट, तो हातात धरून पळायचे, आणि समोरच्यांनी अंगावर कोसळून त्याला आडवे करायचे. आमच्यासारख्या कबड्डीवर पोसलेल्या माणसाला तो खेळ पाहताक्षणी कळतो, किंबहुना चेंडू वगळला तर आपलाच वाटतो. आम्हांला गुंतवून ठेवले ते मात्र मैदानाबाहेरच्या व्यवहाराने. त्यांच्या मुख्य लीगमध्ये ३२ संघ आहेत. दर वसंतात महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची निवड होते, सात फेऱ्यांत. मागच्या मोसमात जो संघ तळाला गेला त्याने सर्वांआधी निवडायचे, विजेत्याने सर्वांत शेवटी. पडलेल्याला हात देण्याची ही रीत आम्हांला मोठी सुसंस्कृत वाटली. परंतु माणसाने त्यातही बाजार काढला. निवडीचा हा हक्क विकता येतो. यंदाचाच नव्हे, पुढच्या आणि त्याच्याही पुढच्या वर्षाचा. ज्या पोराच्या नावाची चिठ्ठी अशी हातोहात फिरते तो त्या वेळी कुठल्यातरी महाविद्यालयात बसलेला असतो आणि आपला सौदा झाला आहे याची त्याला गंधवार्ताही नसते. न जन्मलेल्या वासराचा व्यवहार म्हणतात तो हाच.

यात पैशाचाही पेच आहे. १९९४ पासून प्रत्येक संघाच्या वेतनखर्चाला वरची मर्यादा घातलेली आहे, आणि २०११ च्या करारानंतर नव्याने निवडलेल्या पोरांचे वेतन ठरावीक कोष्टकाने बांधले गेले. म्हणजे पोर चांगले निघाले तर चार वर्षे ते स्वस्तात खेळते. उलट नावाजलेला गडी आपल्या नावाची पुरेपूर किंमत वसूल करतो, आणि त्याच्या पगाराचा आकडा इतर दहाजणांची जागा खातो. तेव्हा प्रश्न केवळ म्हाताऱ्या-तरुणाचा नसतो. एका महागड्या खात्रीपुढे चार स्वस्त शक्यता तोलायच्या असतात.

भाचा ज्या गावी राहतो त्या गावाला या तोलण्याची जुनी जखम आहे. १२ ऑक्टोबर १९८९ रोजी मिनेसोटाच्या संघाने डॅलसकडून हर्शेल वॉकर हा खेळाडू घेतला. वॉकर त्या वेळी २७ वर्षांचा, म्हणजे म्हातारा नव्हे. पण तयार, सिद्ध आणि देशभर गाजलेला. मिनेसोटाला वाटत होते, आपला संघ उत्तम आहे, एका गड्याची उणीव आहे. त्या एका गड्यासाठी त्यांनी पाच खेळाडू दिले आणि शिवाय पुढील तीन वर्षांचे निवड-हक्क दिले, त्यांत पहिल्या फेरीचे तीन. डॅलसचा संघ त्या दिवशी पाचही सामने हरलेला होता आणि मोसमाअखेर १६ पैकी एकच जिंकला. त्यांचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांची नजर त्या पाच खेळाडूंवर नव्हतीच. करारात प्रत्येक खेळाडूमागे एक हक्क बांधलेला होता, खेळाडू काढून टाकला तर तो हक्क मिळे. आणि जॉन्सन यांना हवे होते ते हक्क. वॉकरने मिनेसोटाकडून पहिल्याच सामन्यात मैदान गाजवले. अनेकांना वाटले, डॅलस फसली. पुढे डॅलसने त्या हक्कांची उलटापालट करून १९९० मध्ये एमिट स्मिथ हा पोरगा उचलला. तो पुढे त्या लीगच्या इतिहासात चेंडू घेऊन सर्वाधिक अंतर धावणारा ठरला. डॅलसने १९९३, १९९४ आणि १९९६ च्या जानेवारीत अजिंक्यपद मिळवले. वॉकर मिनेसोटात १९९१ च्या मोसमापर्यंत राहिला. त्या काळात मिनेसोटाने बाद फेरीतला एकही सामना जिंकला नाही.

ही कथा सांगून माणसे थांबतात आणि बोध काढतात की पोरे घ्यावीत, जुने द्यावेत. आम्हांला तो बोध उतावीळ वाटतो. २०२१ मध्ये लॉस एंजेलिसच्या संघाने ३३ व्या वर्षात आलेला मॅथ्यू स्टॅफर्ड मिळवण्यासाठी आपला एक खेळाडू, पहिल्या फेरीचे दोन हक्क आणि तिसऱ्या फेरीचा एक हक्क डेट्रॉइटला देऊन टाकला. वर्षानुवर्षे पहिल्या फेरीत निवडच न करणारा संघ म्हणून त्यांची थट्टा होई. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनीच अजिंक्यपद मिळवले. आणि ज्या डेट्रॉइटने त्या चिठ्ठ्या घेतल्या तोही संघ दोन वर्षांत वर आला. जानेवारी २०२४ मध्ये अंतिम सामन्याच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचला. एकाच सौद्यात दोघांचेही भले झाले. बाजारात असे क्वचित घडते, पण घडते.

या प्रश्नावर अमेरिकेत विद्वानांनीही डोके चालवले आहे. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोघांचा एक निबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. थेलर यांना पुढे २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांच्या अभ्यासातील दोन गोष्टी आम्ही भाच्याकडून समजावून घेतल्या. पहिली अशी की निवड करणाऱ्यांना आपल्या पारखीविषयी फाजील विश्वास असतो. एकाच जागेवर खेळणाऱ्या दोन पोरांपैकी जो आधी निवडला गेला तो नंतरच्यापेक्षा सरस निघण्याची शक्यता त्यांना १०० त ५२ एवढीच आढळली. म्हणजे नाणे उडवण्याहून जरा बरे, इतकेच. दुसरी गोष्ट आम्हांला अधिक बोचली. यंदाच्या दुसऱ्या फेरीचा हक्क मिळावा म्हणून संघ पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा हक्क देऊन टाकतात. एका वर्षाची वाट पाहावी लागू नये म्हणून जे मोल ते मोजतात त्याचा व्याजदर काढला तर वर्षाला शंभर टक्क्यांच्या वर जातो. लाखो डॉलर वेतन घेणारी, विद्यापीठात शिकलेली माणसे उद्याला या दराने गहाण टाकतात.

त्यांना दोष द्यावा तर तेही सोपे नाही. पुढच्या वर्षीचा हक्क ज्या पोराच्या रूपाने फळाला येईल तेव्हा व्यवस्थापक त्या खुर्चीवर असेलच असे कुठे आहे? हरला तर यंदाच त्याला नारळ मिळणार. उद्याचा आंबा दुसरा कोणी खाणार असेल तर आजच कैरी तोडण्यात त्याच्या दृष्टीने शहाणपणच आहे. डॅलसला थांबता आले याचे कारण त्यांच्या दूरदृष्टीत जितके आहे तितकेच त्यांच्या परिस्थितीत आहे. संघ नव्या मालकाने त्याच वर्षी विकत घेतलेला, पराभव पदरी पडलेलाच, गमावण्यासारखे काही उरलेच नव्हते. वाट पाहणे ही ज्याला परवडते त्याची चैन आहे, हे म्हणायला कठोर वाटते खरे.

इतके दूर जाण्याचे तरी कारण काय? आपल्या घराजवळही हाच तराजू लागलेला आम्ही पाहिला आहे. योगायोग असा की वॉकरच्या सौद्याला बरोबर पंचवीस वर्षे झाली त्याच दिवशी, १२ ऑक्टोबर २०१४ रोजी, आपल्याकडे इंडियन सुपर लीग सुरू झाली. हा फुटबॉल आपल्या ओळखीचा, पायाने खेळायचा. आठ संघ होते. तिकिटे खपावीत म्हणून प्रत्येकाने युरोपातले गाजलेले, पण कारकीर्द मावळतीला लागलेले नाव आणले. मुंबईने निकोलस अनेल्का आणि फ्रेडी युंगबर्ग, पुण्याने डेव्हिड ट्रेझेगे, गोव्याने रॉबर्ट पिरेस. पिरेस स्पर्धा चालू असतानाच ४१ वर्षांचा झाला. त्या मोसमात त्याने एक गोल केला, ट्रेझेगेने दोन. आठ संघांत पुणे सहावे आणि मुंबई सातवी आली. गोवा दुसरा आला. पण तो पिरेसमुळे आला असे कोणी म्हणणार नाही. धेंपो क्लबात वर्षानुवर्षे एकत्र खेळलेली स्थानिक पोरे त्या संघाच्या पाठीचा कणा होती.

म्हणून म्हातारे वाया जातात असेही नव्हे. २०१६ मध्ये मुंबईने ३७ वर्षांचा उरुग्वेचा दिएगो फोर्लान आणला. त्याने केरळच्या संघाविरुद्ध एकाच सामन्यात तीन गोल केले आणि मुंबई साखळीत अव्वल आली. मग उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात त्याला तांबडे कार्ड मिळाले, दुसऱ्या सामन्यात तो बाहेर बसला, आणि मुंबईला गोल करता आला नाही. एकाच खांबावर तंबू उभारला की असेच होते. खांब उत्तम होता, पण एकच होता.

आमच्या मते या विषयातले आपल्याकडचे खरे उदाहरण मुंबई आणि गोवा यांच्यात घडले. गोव्याचा संघ २०१९-२० च्या साखळीत अव्वल ठरला आणि आशियाच्या सर्वोच्च क्लब स्पर्धेच्या गटसाखळीत खेळण्याचा मान मिळवणारा पहिला भारतीय संघ झाला. इकडे नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या संघाचा मोठा वाटा मँचेस्टर सिटीच्या मालकांनी विकत घेतला होता. पुढच्या मोसमासाठी मुंबईने गोव्याचे पूर्वीचे प्रशिक्षक सर्जियो लोबेरा यांना घेतले आणि त्यांच्यापाठोपाठ गोव्याचे मुर्तदा फाल, अहमद जाहू, ह्यूगो बुमूस आणि मंदार राव देसाई हे तयार गडीही आले. फाल आणि जाहू दोघेही ३२ वर्षांचे. शिवाय ३६ वर्षांचा नायजेरियन बार्थोलोम्यू ओगबेचे आला. तयार घर चौकटीसकट उचलून दुसऱ्या वाडीत नेऊन ठेवावे तसा हा प्रकार होता. महासाथीमुळे सारे सामने गोव्यातच, प्रेक्षकांविना झाले. उपांत्य फेरीत मुंबईपुढे गोवाच उभा ठाकला. दोन्ही सामने बरोबरीत सुटले आणि पेनल्टींवर मुंबई ६-५ अशी निसटती जिंकली. १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्यात मोहन बागानला २-१ असे हरवून मुंबईने साखळीतील अव्वल क्रमांकापाठोपाठ करंडकही घेतला.

त्या अंतिम सामन्याचा निर्णायक गोल आम्ही पुनःपुन्हा पाहिला आहे. सामना संपत आलेला, १-१ अशी बरोबरी. ओगबेचेने गोलजवळ चेंडू मिळवला, अंगाने तो झाकून धरला, गोलरक्षकाला आपल्याकडे गुंतवले, आणि स्वतः मारण्याचा मोह टाळून बाजूला मोकळ्या असलेल्या बिपिन सिंगकडे ढकलला. मणिपूरच्या या तरुणाने तो जाळ्यात घातला. ३६ व्या वर्षी पाय मंदावतात. पण चेंडू कोणाला द्यावा हे त्या वयात जितके कळते तितके विसाव्या वर्षी कळत नाही. मात्र ज्याला द्यायचा तो शेजारी उभा असावा लागतो. अनेल्का-ट्रेझेग्यांच्या वर्षी नेमका तोच शेजार कच्चा होता, असे आमचे मत आहे.

आणि गोव्याचे काय झाले? तयार गडी गेल्यावर उरलेल्यांना आणि नव्या पोरांना घेऊन ते त्याच एप्रिलमध्ये आशियाई स्पर्धेत उतरले. सहा सामन्यांत तीन बरोबरीत सोडवले. गोव्याच्या दृष्टीने हा हिशेब तोट्याचा की नफ्याचा, यावर दोन गोवेकर एकत्र बसले तर रात्र पुरणार नाही.

आपल्याकडेही निवडीची पद्धत काही काळ होती. २३ जुलै २०१७ रोजी मुंबईत तशी निवड झाली आणि जमशेदपूरच्या नव्या संघाने तीस वर्षांचा बचावपटू अनस एडथोडिका एक कोटी दहा लाखांना घेतला. म्हणजे पहिली चिठ्ठी हाती आल्यावर आपल्या माणसांनीही नवे पोर न उचलता सिद्ध गडीच उचलला! पुढे ती पद्धत बंद पडली. उद्याच्या हक्कांचा अनेक वर्षांचा बाजार आपल्याकडे उभा राहिलाच नाही. पोरे घडवायची आणि ती आपल्याकडेच राहतील अशी आशा करायची, हाच इथला मार्ग. ती आशाही बेभरवशाची. पुण्यात डीएसके शिवाजीयन्स या क्लबाने चांगली प्रबोधिनी चालवली, मिझोरमची पोरे आणून घडवली. २०१७ मध्ये तो क्लब लीगमधून बाहेर पडला. तिथे घडलेला लालियनझुआला छांगटे दिल्ली, चेन्नई असा फिरत २०२२ मध्ये मुंबईकडे आला आणि २०२२-२३ च्या मोसमात लीगमधील सर्वोत्तम खेळाडू ठरला. झाड लावले पुण्याने, सावली मिळाली मुंबईला.

आता आष्टीकडे येऊ. आमच्या तालुक्यात फुटबॉलचे वेड नाही. कबड्डी आहे, कुस्ती आहे, आणि धावणे आहे. धावणे तर गरजेपोटीच आलेले. परंतु तोलण्याची ही विद्या इथल्या माणसाला कोणी शिकवावी लागत नाही. बैलबाजारात उभे राहून पाहावे. दात जुळलेला, औताला मुरलेला बैल एकीकडे आणि अजून आदत असलेले दोन गोऱ्हे दुसरीकडे. जुना बैल उद्या सकाळी पेरणीला उभा राहील. पण चार-पाच हंगामांनी त्याला कोणी विचारणार नाही. गोऱ्हे दोन वर्षे नुसते खातील, त्यांतला एखादा लाथाडा निघेल, पण दुसरा खरा निघाला तर दहा वर्षे घर चालवील. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवणारा हेडी हे सारे जाणतो. गिऱ्हाइकाच्या घरी यंदा पेरणीला बैल आहे की नाही, एवढेच तो आधी काढून घेतो. ज्याच्या दावणीला एकही चालता बैल नाही तो गोऱ्हे घेऊच शकत नाही. त्याचे तोलणे बाजारात येण्यापूर्वीच संपलेले असते.

आणि उद्याचा सौदा आमच्या जिल्ह्याइतका अन्यत्र कुठे होत असेल असे वाटत नाही. दसरा सरला की बीड जिल्ह्यातील गावे ओस पडू लागतात. ऊसतोडीला जाणारे जोडपे, त्याला इथे 'कोयता' म्हणतात, मुकादमाकडून आधीच उचल घेऊन बसलेले असते. ती उचल पावसाळ्यातच खर्चली जाते: कोणाच्या लग्नात, कोणाच्या दवाखान्यात, कोणाच्या जुन्या देण्यात. मग मार्च-एप्रिलपर्यंत दुसऱ्याच्या फडात कोयता चालवून ती फेडायची. मिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. न आलेल्या वर्षाचा हक्क आजच देऊन टाकण्याला अमेरिकेत निवड-हक्काचा व्यवहार म्हणतात, इकडे उचल म्हणतात. थेलरसाहेबांनी शंभर टक्क्यांचा दर पाहून आश्चर्य व्यक्त केले. इथल्या कोणालाही त्याचे आश्चर्य वाटले नसते.

हे सारे आमच्या डोक्यात घोळत होते याला निमित्त भाच्याचा फोन तेवढा नव्हता. त्याच सुमारास आमच्या मंडळापुढे हाच प्रश्न आला होता. एका हितचिंतकाने मंडळाला देणगी दिली. कबड्डीच्या संघाने यंदा नाव काढावे, एवढीच त्यांची इच्छा. मंडळात दोन तट पडले. एकांचे म्हणणे, बाहेरगावचे तीन नामांकित गडी मानधन देऊन आणावेत. दिवाळीनंतरच्या दोन मोठ्या स्पर्धा ते जिंकून देतील, ढाल गावात येईल, आणि ढाल पाहून आणखी देणगी येईल. दुसऱ्यांचे म्हणणे, ज्या पोरांच्या अंगात खेळ आहे पण जी आईबापांबरोबर फडावर जातात अशा पाच-सहाजणांना इथेच ठेवावे, त्यांच्या जेवणाची, शाळेची आणि सरावाची सोय करावी. सरकारची हंगामी वसतिगृहे आहेत. परंतु कबड्डीच्या पोराला दुधा-अंड्याचा जो खुराक लागतो तो तिथे कुठून मिळणार?

आम्ही दुसऱ्या बाजूने बोललो. मांडव्याचे उदाहरण देणे ओघाने आलेच. आमच्याच तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे शाळेसाठी रोज सहा किलोमीटर तुडवत असे. बारावीनंतर तो सैन्यात गेला, सियाचिनमध्ये राहिला, आणि स्पर्धात्मक धावणे त्याने सुरू केले ते २०१५ मध्ये, सैन्यात असतानाच. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत तो रौप्यपदक घेऊन आला, सुवर्णापासून सेकंदाच्या अवघ्या शतांश पाच इतका दूर. आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णपदक जिंकले. त्याच्या शाळकरी वयात कोणी चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर त्याचे नाव कोणत्या फेरीत निघाले असते? बहुधा कोणत्याच नाही. ५२ आणि ४८ हा हिशेब आम्हांला मांडव्याच्या रस्त्यावर जितका पटतो तितका निबंधात पटत नाही.

आमच्यासमोर मंडळाचे एक जुने गडी बसले होते. त्यांनी एका काळी जिल्हा गाजवलेला, गुडघा आता वाकत नाही. ते म्हणाले, "गुरुजी, तुमचं खरं आहे. पण पोरगं तुम्ही दोन वर्षं दूध पाजून वाढवाल अन् ते भरतीत लागून निघून जाईल. साबळे तरी कुठं गावात राहिला? मंडळाला काय मिळालं?" प्रश्न रास्त होता. पुण्याच्या प्रबोधिनीला काय मिळाले, असे विचारण्यासारखाच. आम्ही एवढेच म्हणालो की पोरगा भरतीत लागला तर त्याच्या घरावरची उचल तरी फिटेल. मंडळाने ढालीऐवजी ते आपल्या खात्यावर मांडावे. काहीजण हसले. ते जुने गडी मात्र हसले नाहीत. थोड्या वेळाने तेच म्हणाले की तीन गडी दोन दिवसांसाठी आणण्याऐवजी एकच आणा, पण दोन महिने आणा. तो खेळेलही आणि पोरांना पकड कशी टाकायची ते शिकवीलही. नुसत्या ढालीसाठी आणलेला गडी सामना संपताच एस.टी. धरतो, हे त्यांनी स्वतः तसा गडी म्हणून गावोगाव जाऊन अनुभवले होते.

ओगबेचेची आणि बिपिन सिंगची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. ती सांगण्याची गरजही पडली नाही.

ठराव तसाच झाला. एक अनुभवी गडी ठरला. वय चौतीस, मानधन तिघांच्या मिळून मानधनाच्या निम्म्याहून थोडे अधिक, कारण दोन महिने तो घर सोडून राहणार. उरलेल्या रकमेत चार पोरांचा मार्चअखेरचा खर्च बसला. भाच्याला आम्ही हाच तोडगा कळवला: तिघांतले दोन दे, एक ठेव, आणि ठेवशील तो असा ठेव की ज्याच्यामुळे नव्यांचे खेळ वाढतील. तो म्हणाला, "मामा, कागदावरच्या संघात कोणी कोणाला शिकवत नाही." त्याने तिघेही देऊन टाकले. त्याच्या हिशेबात त्याचे बरोबरच होते.

चार पोरांची नावे ठरली तशी आम्ही त्यांच्या घरी जाऊन आलो. तिघांचे आईबाप तयार झाले. एकाच्या आजीने तर पोरगा राहणार म्हणून आमच्यासमोर भाकरी थापायला घेतल्या. चौथा पोरगा सोळा वर्षांचा, चढाईला विजेसारखा, चौघांत उजवा. त्याचे वडील ओट्यावर बसून विळा परजत होते. त्यांनी सारे ऐकून घेतले, पाणी दिले, मंडळाचे आभारही मानले. मग म्हणाले, "गुरुजी, यंदाच्या उचलीत दीड कोयता धरलाय. आम्ही दोघं, अन् अर्धा हा. आकडा घेऊन झाला, तो खर्चूनबी झाला." मुकादमाशी बोलून पाहू, असे आम्ही म्हणालो, आणि बोललोही. अर्ध्या कोयत्याची रक्कम मंडळाने भरावी, मग पोरगा मोकळा, असे उत्तर मिळाले. ती रक्कम तीन पोरांच्या खर्चाइतकी होती. बैठक पुन्हा बोलावली. तीन पोरे सोडून एक घ्यावे, असे म्हणणाराही एक सभासद निघाला. पोरगा तसा होताच. रात्री साडेदहापर्यंत चर्चा चालली आणि तिघांवर मत पडले.

ट्रक निघाला त्या पहाटे चुलीची भांडी, गाठोडी आणि शेळी यांच्यामध्ये तो पोरगा मागच्या फळीला टेकून उभा होता, अंगात मंडळाने दिलेली सात नंबरची बनियन. ती परत मागायचे कोणाला सुचले नाही. सराव तिघांचा चालू आहे, आणलेला गडी पहाटे साडेपाचला त्यांना मैदानावर उभे करतो. नोंदवहीत चौथ्या ओळीवर पोराचे नाव तसेच आहे, आणि त्यापुढे रकमेच्या रकान्यात आम्ही लिहिले आहे: एप्रिलपासून.